बातमीत दोन्ही बाजू आल्या, मग खरं काय ते कोण सांगणार?

मागच्या अंकात आपण विचारलं होतं की पेपर, टीव्ही आणि गावोगावची मोबाईल पोर्टलं यांच्या बातम्या तुम्हाला निष्पक्ष वाटतात का, आणि मुळात त्या तशा असायला पाहिजेत का. पत्रं भरपूर आली, पोस्टाने कमी आणि व्हॉट्सॲपवर जास्त, रावेरपासून नवापूरपर्यंत. सगळी छापणं शक्य नाही, म्हणून ज्यात काहीतरी प्रत्यक्ष घडलेलं लिहिलंय ती घेतलीत. नावं मुद्दाम छापत नाही, लिहिणाऱ्यांना त्याच गावात राहायचंय.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी चोपडा तालुक्यातला, कापूस लावतो. आमच्याकडच्या खरेदी केंद्रावर ओलावा जास्त दाखवून गाड्या परत पाठवतात अशी आमची तक्रार होती. पेपरवाला आला, आमचं लिहून घेतलं, ग्रेडरचं, म्हणजे केंद्रावर माल तपासणाऱ्याचं, लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी बातमी आली की शेतकरी म्हणतात मशीन चुकीचं, ग्रेडर म्हणतात मशीन बरोबर. बस, संपली बातमी. हे तर आम्हाला आधीच माहीत होतं. मग खरं कोणतं? याला निष्पक्ष म्हणायचं का?

उत्तर : दादा, याला अर्धी बातमी म्हणायचं. तुमचा राग बरोबर आहे, आणि मला तर वाटतं निष्पक्षपणाच्या नावाखाली आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान याच पद्धतीने केलंय. एक परिच्छेद इकडचा, एक तिकडचा, शेवटी 'संबंधितांनी लक्ष द्यावे अशी मागणी होत आहे', की सुटले.

आता यात तपासण्यासारखं किती होतं बघा. सरकारी खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असला तर पूर्ण हमीभाव, ८ ते १२ च्या मध्ये असला तर जितके टक्के जास्त तितके टक्के भाव कापायचा, आणि १२ च्या वर गेला की माल घ्यायचाच नाही. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता, म्हणजे मशीनवर एक टक्का इकडचा तिकडे झाला की क्विंटलमागे ८१ रुपये गेले, ३० क्विंटलची गाडी असली तर जवळपास अडीच हजार, आणि ११ च्या जागी १३ दाखवले तर अख्खी गाडी माघारी, भाडं डोक्यावर, आणि मग रस्त्यात खेडा खरेदीवाला जो भाव बोलेल तो घ्यायचा. हे आकडे बातमीत नसतील तर जळगावात बसलेल्या वाचकाला कळणारच नाही की भांडण कशासाठी चाललंय.

आणि खरं शोधणं अवघड नव्हतं हो. एकाच गाडीतला कापूस केंद्राच्या मशीनवर मोजायचा, तोच घेऊन जवळच्या जिनिंगमध्ये जायचं आणि तिथल्या मशीनवर मोजायचा. वरचा, मधला, तळाचा असे वेगळे नमुने घ्यायचे, कारण सकाळी दहिवरात वेचलेला आणि दुपारी ऊन खाल्लेला कापूस एकाच गाडीत भरलेला असतो, हात कुठे घातला यावर आकडा बदलतो. मशीन शेवटचं कधी तपासून घेतलं त्याचा कागद मागायचा. त्या आठवड्यात किती गाड्या परत गेल्या त्याची नोंद मागायची, नाही दिली तर 'मागितली, दिली नाही' असं छापायचं. दोन दिवसांचं काम आहे.

एक गोष्ट तुम्हाला आवडणार नाही पण सांगते. एवढं केल्यावर असंही निघू शकतं की मशीन बरोबर होतं आणि माल खरंच ओला होता. निघालं तर तेही तितक्याच मोठ्या अक्षरात आलं पाहिजे, आणि ते वाचून तुम्ही त्या वार्ताहराला 'विकला गेला' म्हणायचं नाही. माझ्या मते निष्पक्षपणाची खरी परीक्षा तिथेच होते, ज्यांच्याबद्दल आपल्याला आपुलकी आहे त्यांचं म्हणणंही त्याच मशीनवर मोजायचं.

हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. १९२० साली अमेरिकेत वॉल्टर लिपमन आणि चार्ल्स मर्झ या दोन पत्रकारांनी न्यूयॉर्क टाइम्सचे तीन वर्षांचे अंक काढून बसून वाचले, रशियातल्या क्रांतीच्या बातम्यांसाठी. त्यांना काय सापडलं तर क्रांती करून आलेलं बोल्शेविकांचं सरकार पडलं किंवा आता पडणारच आहे असं त्या पेपरने ९१ वेळा छापलं होतं, आणि सरकार तर पडलं नव्हतं. कुणी पैसे खाल्ले होते असं त्यांनी म्हटलं नाही, त्यांचं म्हणणं होतं की लिहिणाऱ्यांना आणि संपादकांना जे व्हावंसं वाटत होतं तेच त्यांना दिसत होतं. त्यावर लिपमनने उपाय सुचवला तो असा की माणसाला मत असणारच, ते काही पुसता येणार नाही, म्हणून त्याची तपासायची पद्धत शास्त्रज्ञासारखी कडक पाहिजे. म्हणजे मूळ कल्पना पद्धतीची होती. पुढे ती घासत घासत 'दोन्ही बाजू द्या' एवढ्यावर आली, कारण ते सोपं पडतं, वेळ लागत नाही, वकिलाची नोटीस येत नाही आणि जाहिरातही जात नाही.

प्रश्न : मॅडम, मी जळगावात पत्रकारिता शिकतोय. आमचे सर सांगतात पत्रकाराला मत नसावं. पण ६ जानेवारीला पत्रकार दिनाला ज्यांच्या फोटोला हार घालतो ते सगळे तर मतं असलेलेच होते ना? टिळक, आगरकर, बाबासाहेब, कुणीच तटस्थ नव्हतं. मग आम्ही नक्की काय व्हायचं? आणि पत्रकाराने मतदान करावं का, हा पण प्रश्न वर्गात निघाला होता.

उत्तर : बेटा, मतदान कर. वॉशिंग्टन पोस्टचे संपादक लेनर्ड डाउनी मतदान करत नव्हते, पेपरचे संपादक असताना मनातल्या मनात सुद्धा कुणाची बाजू घ्यायची नाही म्हणून. मला त्यांच्याबद्दल आदर आहे पण पटत नाही, मत नाही दिलं म्हणून माणसाचं मत कुठे जात नाही. आणि याच डाउनींनी २०२३ मध्ये अँड्र्यू हेवर्ड यांच्याबरोबर ७५ हून जास्त पत्रकारांशी बोलून एक अहवाल काढला, त्यात निघालं की अमेरिकेतल्या कितीतरी न्यूजरूमना आता हा जुना निष्पक्षपणाच नको झालाय. त्या वादाबद्दल खाली धडगावच्या पत्रात बोलू.

आता तुझा मोठा प्रश्न. तू म्हणतोस ते खरंच आहे, मराठी पत्रकारिता तटस्थ म्हणून जन्मलीच नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ ला दर्पण काढलं ते मराठी आणि इंग्रजी दोन्हीत, लोकांना शहाणं करायचं हा हेतू ठेवून. केसरी १८८१ ला निघाला, आगरकर पहिले संपादक, पुढे समाजसुधारणेवरून टिळकांशी पटेना म्हणून बाहेर पडले आणि १८८८ ला सुधारक काढलं. बाबासाहेबांनी १९२० ला मूकनायक काढलं कारण तेव्हाच्या पेपरांत बहिष्कृतांचं दुःख यायचंच नाही, आणि केसरीने तर मूकनायकची जाहिरात पैसे देऊनही छापली नव्हती. आपल्या अमळनेरला साने गुरुजींनी १९३८ ला 'काँग्रेस' नावाचं साप्ताहिक चालवलं, नावातच बाजू आहे. यातलं एकही पत्र 'आम्हाला काही मत नाही' म्हणत निघालेलं नाही.

पण म्हणून मत असलं की झालं असं समजू नकोस. १८८२ चं कोल्हापूर प्रकरण नीट वाच. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ चाललाय आणि त्यामागे दिवाण माधवराव बर्वे आहेत असं टिळक-आगरकरांनी आपल्या पेपरांतून छापलं, हेतूत खोट अजिबात नव्हती, पण ज्या पत्रांवर भिस्त ठेवली ती बनावट निघाली. बर्व्यांनी खटला भरला, माफी मागूनही शिक्षा झाली आणि दोघं १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते. आपण या प्रसंगाकडे त्यागाची गोष्ट म्हणून बघतो, तसा तो आहेच, पण पत्रकारिता शिकणाऱ्या पोराने त्यातून कागद तपासायला शिकावं असं मला मनापासून वाटतं. टिळकांएवढा माणूस जर खोट्या कागदाने फसू शकतो तर व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफने तू आणि मी किती पटकन फसू.

आणि आता धुळ्याला जा, खरंच एकदा जा, राजवाडे संशोधन मंडळात. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे शेवटी धुळ्याला राहिले आणि १९२६ ला तिथेच गेले. हा माणूस तटस्थ होता असं कुणीही म्हणणार नाही, मतं जहाल, अभिमान जाज्वल्य, भाषा चाबकासारखी, त्यांची कितीतरी मतं आज वाचवत नाहीत. पण केलं काय त्यांनी? गावोगाव पायपीट करून, वाड्यांच्या माळ्यांवरून, वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला निघालेले जुने कागद गोळा केले आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' म्हणून १८९८ पासून पुढे २२ खंड छापले. मूळ पत्र जसंच्या तसं दिलं आणि स्वतःचं म्हणणं प्रस्तावनेत वेगळं लिहिलं. म्हणून आज त्यांच्याशी शंभर टक्के वाद घालणारा अभ्यासकसुद्धा त्यांचेच कागद पुढे ठेवून वाद घालू शकतो, त्यांना खोडून काढायचं सामान त्यांनीच छापून ठेवलंय. निष्पक्ष म्हणजे काय असं मला कुणी विचारलं तर मी हेच सांगते, मत ठेव, पण वाचकाला तुझं मत बाजूला सारून मूळ कागदापर्यंत जाता आलं पाहिजे अशी बातमी लिही. 'सूत्रांकडून समजते' एवढ्यावर आख्खी बातमी उभी करू नकोस, सूत्राचं नाव लपवायची गरज असेल तर का लपवतोय ते तरी सांग.

मॅंचेस्टर गार्डियनचे सी. पी. स्कॉट यांनी १९२१ ला लिहिलं होतं की मत मोकळं आहे पण तथ्य पवित्र आहे. तुमच्या सरांना बहुतेक हेच म्हणायचं असेल, तुम्ही ऐकताना मत नसावं असं ऐकलं असेल. सरांना परत एकदा विचार.

प्रश्न : ताई, मी पारोळा तालुक्यात आशा वर्कर आहे. गोवर-रुबेलाच्या लसीकरणाच्या वेळी एका पोर्टलवाल्याने व्हिडिओ टाकला, अर्धा वेळ आमच्या मेडिकल ऑफिसरला दिला आणि अर्धा वेळ एका माणसाला, जो म्हणत होता लसीने पोरं वांझ होतात. वर लिहिलं 'निर्णय तुमचा'. त्यानंतर आम्हाला कितीतरी दारांतून हाकललं. त्याला बोललो तर म्हणतो मी दोन्ही बाजू दाखवल्या, मी निष्पक्ष आहे.

उत्तर : ताई, तो निष्पक्ष नव्हता, त्याने खोट्याला खऱ्याच्या शेजारी खुर्ची दिली, आणि खुर्ची मिळाली की खोट्याचा मान वाढतो. जिथे खरंच दोन मतं आहेत, धरण इथे बांधावं की तिथे, दारूबंदी असावी की नसावी, तिथे दोन्ही बाजू पाहिजेतच. पण लस घेऊन पोरं वांझ होतात हे मत नाहीये, हा दावा आहे, त्याला पुरावा लागतो आणि त्याला कुठलाच पुरावा नाही.

ही चूक मोठमोठ्यांनी केलीय. १९९८ मध्ये इंग्लंडात अँड्र्यू वेकफिल्ड नावाच्या डॉक्टरने फक्त १२ मुलांवरचा एक शोधनिबंध लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आणला, त्यातून एमएमआर म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा ऑटिझमशी संबंध आहे अशी भीती पसरली. तिकडच्या पेपरांनी आणि टीव्हीने कित्येक वर्षं एकीकडे हा आणि दुसरीकडे बाकीचं सगळं वैद्यकशास्त्र असं समोरासमोर बसवलं, आईबापांना वाटायला लागलं की शास्त्रज्ञांमध्येच निम्मे निम्मे मतभेद आहेत. लसीकरण घसरलं, गोवर परत आला. शेवटी २०१० मध्ये लॅन्सेटने तो शोधनिबंध मागे घेतला, त्या डॉक्टरचा परवानाही गेला. हवामान बदलाच्या बाबतीत बीबीसीला हेच समजायला २०१८ उजाडलं, तेव्हा त्यांनी आपल्या लोकांना लेखी कळवलं की समतोल साधायला म्हणून हवामान बदल नाकारणारा माणूस बोलवायची गरज नाही.

तुमच्या भागात पुढची मोहीम असेल तेव्हा त्या पोर्टलवाल्याला आधीच उपकेंद्रावर बोलवा, लस कुठे ठेवतात, थंड पेटी, तापमानाची नोंद, सगळं दाखवा, ज्या पोराला ताप आला त्याच्या आईशीही बोलू द्या कारण ताप येतो हे लपवायचं काही कारण नाही. तो आला नाही तर तसं आम्हाला कळवा.

प्रश्न : पूर्णपणे निष्पक्ष असा एक तरी मराठी पेपर सांगा, तोच लावतो. बाकी सगळे बंद करायचेत. (धुळे, निवृत्त बँक कर्मचारी)

उत्तर : काका, असा पेपर नाही, आणि एकच लावू नका, दोन लावा, तेही एकमेकांशी न पटणारे. मग एकाच घटनेची बातमी दोन्हीकडे काढून बघा, कोणत्या बातमीत माणूस प्रत्यक्ष जागेवर गेल्याचं दिसतं, कुणाचं नाव आहे, आकडा कुठून आणला ते लिहिलंय का, आणि चूक झाली तर दुसऱ्या दिवशी छापतात का. चूक कबूल करून जागा देणारा पेपर दिसला की तो सोडू नका. टीव्हीवरच्या संध्याकाळच्या भांडणांबद्दल तुम्ही बरंच लिहिलंय, त्यात बातमी नसतेच, त्यामुळे त्यावर जास्त वेळ घालवत नाही.

प्रश्न : ताई, मी धडगाव तालुक्यात शिक्षक आहे. आमच्याकडे पाड्यावर बाळ दगावलं की बातमी अशी येते, 'कुपोषणाने मृत्यू झाल्याचा नातेवाईकांचा आरोप, प्रशासनाने आरोप फेटाळला'. लिहिणारा नंदुरबारहून फोनवर लिहितो. पावसाळ्यात रस्ता बंद, बाईला बांबूच्या झोळीत उचलून आणतात, हे तो बघत नाही. आणि वर आम्ही काही बोललो तर म्हणतात तुम्ही स्थानिक आहात, तुम्ही भावनिक होता.

उत्तर : सर, तुमचं पत्र मी कितीतरी वेळा वाचलं. प्रशासनाची प्रेसनोट म्हणजे काही आकाशातून आलेलं सत्य नाही, तीही एक बाजूच आहे, आणि ज्याच्यावर प्रश्न आहे त्याचीच बाजू आहे. पण बातमीत ती शेवटी येते, ठाम भाषेत येते, आकड्यासकट येते, आणि आईचं म्हणणं मात्र 'आरोप' होऊन येतं. लिहिणाऱ्याला वाटतं मी तटस्थ लिहिलं, पण शब्दांनीच निकाल लागून जातो.

बाळ कशाने गेलं हे आरोप-प्रत्यारोपाने ठरत नाही, अंगणवाडीच्या रजिस्टरमध्ये त्याचं महिन्याचं वजन असतं, गरोदरपणात आईच्या तपासण्या किती झाल्या त्याची नोंद असते, उपकेंद्रात नर्सची जागा भरलेली आहे का रिकामी ते एका फोनमध्ये कळतं, ॲम्ब्युलन्सला कॉल किती वाजता गेला आणि ती कुठपर्यंत येऊ शकली हेही कळतं. हे चार कागद जोडले तर 'आरोप' हा शब्द लागतच नाही. आणि पावरी किंवा भिली बोली समजणारा माणूस सोबत पाहिजे, नाहीतर आई जे बोलली ते मराठीत येईपर्यंत दुभाष्याचं होऊन जातं, त्यात दुभाष्या ग्रामपंचायतीचा शिपाई असला तर मग बघायलाच नको.

तुमच्याच डोंगरातलं एक उदाहरण देते. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावं गेली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी म्हणजे तुमच्या धडगाव तालुक्यातली, मणिबेलीपासून सुरुवात. सरकार म्हणायचं पुनर्वसन नीट चाललंय, नर्मदा बचाओ आंदोलन म्हणायचं चाललेलं नाही, आणि वर्षानुवर्षं पेपरांत ही दोन वाक्यं शेजारी शेजारी छापून येत होती. मग जागतिक बँकेने स्वतःच १९९१ मध्ये ब्रॅडफर्ड मोर्स यांची स्वतंत्र समिती नेमली. बँकेच्या पैशाने नेमलेली समिती, पण ती गावोगाव फिरली, इंजिनिअरांना भेटली, बुडणाऱ्या लोकांना भेटली, कागद वाचले आणि १९९२ च्या अहवालात बँकेलाच सांगितलं की आहे या परिस्थितीत सगळ्यांचं पुनर्वसन शक्य नाही, तुम्ही मागे या. १९९३ ला बँकेचं उरलेलं कर्ज थांबलं. धरण पुढे झालंच, ते वेगळं. पण ती समिती काही 'दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे' म्हणून थांबली नाही, तिने तपासलं आणि मग एका बाजूने बोलली, आणि तरी तिला कुणी पक्षपाती म्हणू शकलं नाही, निदान पुराव्यासकट तरी नाही.

'तुम्ही स्थानिक आहात म्हणून भावनिक आहात' हे जे तुम्हाला ऐकावं लागतं, अगदी तेच अमेरिकेतले काळे पत्रकार ऐकत आलेत. २०२० मध्ये पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाचा जीव गेला त्यानंतर वेस्ली लोअरी या पत्रकाराने लिहिलं की निष्पक्ष काय आणि पक्षपाती काय हे आजवर बहुतेक गोऱ्या संपादकांनी ठरवलं, आणि गोऱ्या वाचकाला काय खुपणार नाही ते बघून ठरवलं. याच्या उलट २०२३ मध्ये वॉशिंग्टन पोस्टचे माजी संपादक मार्टी बॅरन यांनी म्हटलं की न्यायाधीश, डॉक्टर, पोलीस हे निष्पक्ष असावेत असं आपल्याला वाटतं तर पत्रकाराने तो आग्रह का सोडायचा. मला दोघांचंही वाचून असं वाटलं की भांडण दिसतं तेवढं मोठं नाही, लोअरीसुद्धा तपासायची पद्धत सोडा असं कुठे म्हणत नाही, उलट माणूस निष्पक्ष असल्याचं नाटक करण्यापेक्षा पद्धत निष्पक्ष ठेवा असंच म्हणतो. पण कोण लिहितंय या मुद्द्यावर मी पूर्ण लोअरीच्या बाजूने आहे. सातपुड्याची बातमी लिहिणारे किती जण सातपुड्यातले आहेत? पाड्यावरचा पोरगा-पोरगी पेपरात बायलाइनवर, म्हणजे बातमीवरच्या लिहिणाऱ्याच्या नावात, दिसायला पाहिजे, आणि तो दिसेल तेव्हा फक्त कुपोषणाचे फोटो येणार नाहीत, होळीला नटून नाचणाऱ्यांचेही नाही, तर रोजगार हमीचे पैसे, शाळेतली पटसंख्या, वनपट्ट्याचे अर्ज, असं जगण्याचं सगळंच येईल.

सर, तुम्हाला एक विनंती आहे. नववी-दहावीतल्या पोरांना तारीख, वेळ, नाव, साक्षीदार घालून नोंद लिहायची सवय लावा. मत नको, फक्त काय बघितलं ते.

प्रश्न : ताई, नाव छापू नका. मी भुसावळकडचा तालुका वार्ताहर आहे. मानधन नावापुरतं मिळतं, घर चालतं जाहिरातीच्या कमिशनवर. वर्धापन दिनाच्या पुरवणीचं टार्गेट असतं, दिवाळी, वाढदिवस, निवडणूक वेगळंच. ज्या सरपंचाकडून, ज्या संस्थाचालकाकडून पान आणायचं त्याच्याच रस्त्याच्या कामाची बातमी मी कशी लिहू? निष्पक्षतेवर लोकं भाषणं करतात, पण आमच्या पोटाचं कोण बोलतं?

उत्तर : भाऊ, आजच्या सगळ्या पत्रांत हे पत्र मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. डावं-उजवं, मत असावं-नसावं हे वाद पुण्या-मुंबईत चालतात, आपल्या तालुक्यात बातमी मरते ती जाहिरातीच्या पावतीपुस्तकावर. आणि याचा दोष एकट्या तुमच्या माथी मारायला मी तयार नाही. ज्या मालकाने एकाच माणसाच्या एका हातात पेन आणि दुसऱ्या हातात पावतीपुस्तक दिलं, त्याने निष्पक्षपणाची अपेक्षाच सोडून दिलेली असते.

याचा शेवट कुठे होतो ते आपण २००९ मध्ये बघितलंय. त्या वर्षी लोकसभा आणि विधानसभा दोन्ही निवडणुका झाल्या आणि महाराष्ट्रात एकाच नेत्याचं कौतुक करणारा मजकूर वेगवेगळ्या, एकमेकांशी स्पर्धा असलेल्या पेपरांत शब्दाला शब्द सारखा आला, बातमी म्हणून. पत्रकार पी. साईनाथ यांनी तो 'द हिंदू'मधून उघड केला. प्रेस कौन्सिलने परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी या दोघांची समिती नेमली, त्यांनी पेपरांची नावं घेऊन पेड न्यूजचा, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा, अहवाल दिला आणि २०१० मध्ये कौन्सिलने तो पूर्ण न छापता आटोपशीर करून छापला. पूर्ण अहवाल लोकांसमोर यायला माहिती आयोगाचा आदेश लागला, २०११ मध्ये. पेपरांवर लक्ष ठेवायला असलेली संस्था आणि तिलाच पेपरांची नावं छापायला जड गेलं, हे मला आजही खटकतं.

आता तुम्ही काय करू शकता ते. पहिलं म्हणजे ज्याची जाहिरात आणली त्याच्या कामाची बातमी तुम्ही स्वतः लिहू नका, चांगलीही नाही आणि वाईटही नाही. शेजारच्या तालुक्यातल्या मित्राला द्या, त्याची तुम्ही लिहा. यावल-रावेर-भुसावळ-मुक्ताईनगर अशी चार पोरं एकत्र आली तर हे सहज जमतं, काही ठिकाणी गुपचूप चालतंही. दुसरं, रस्त्याची बातमी माणसावर लिहू नका, कागदावर लिहा. अंदाजपत्रकात डांबराची जाडी किती लिहिलीय, वर्क ऑर्डरची तारीख कोणती, बिल किती निघालं, आणि प्रत्यक्ष रस्ता खणून टेपने मोजला तर किती भरला. माहिती अधिकारात ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, अर्ज गावातल्या कुणाच्याही नावाने टाकता येतो. 'निकृष्ट काम, नागरिकांत संताप' अशी बातमी लिहिली की सरपंच तुमच्याशी भांडतो, तीच मोजमापाची बातमी आली की त्याला मोजमापाशी भांडावं लागतं, ते त्याला जड जातं. तिसरं, पैसे घेऊन मजकूर छापायची वेळ आलीच तर वर 'जाहिरात' शब्द ठळक लावायचा आग्रह धरा, एवढं तरी मालकाला लेखी सांगा. निवडणुकीच्या काळात जिल्हा पातळीवर माध्यमांवर लक्ष ठेवणारी एमसीएमसी समिती बसते, पेड न्यूज ठरली की तो खर्च उमेदवाराच्या खात्यात धरतात, त्यामुळे उमेदवारालाच 'जाहिरात लिहा' म्हणून पटवता येतं, अनुभवाने सांगते पटतं.

आणि वाचकांनो, हे तुमच्यासाठीही आहे. पेपरचं महिन्याचं बिल आणि मोबाईलचा एक रिचार्ज यांची तुलना करून बघा. छपाईचा, कागदाचा, गाडीचा, पोऱ्याचा खर्च तुमच्या पैशातून निघत नाही, तो जाहिरातदार भरतो, आणि जो भरतो त्याचं ऐकलं जातं. आपल्या तालुक्यातल्या वार्ताहराला निदान कागद आणून द्या, साक्ष द्यायला उभे राहा, त्याच्यावर कुणी हात टाकला तर पोलीस स्टेशनला सोबत जा. महाराष्ट्रात पत्रकारांवरच्या हल्ल्याविरुद्ध २०१७ चा कायदा आहे, पण तो वापरायला तक्रार करणारा आणि त्याच्या पाठीशी चार माणसं लागतात.

भाऊ, तुम्ही पत्रात ज्या एका कामाचे कागद हातात असूनही छापता येत नाहीत म्हणालात, ते आमच्याकडे पाठवा. तुमचं नाव कुठेही येणार नाही, दुसऱ्या तालुक्यातल्या माणसाकडून तपासून घेऊ, सरपंचांनाही फोन करून त्यांचं म्हणणं घेऊ, आणि जे निघेल ते छापू.